पुढे तीन, मागे सहा : फोंड्यातल्या एका एस्टीमच्या स्प्रिंगांचा हिशोब

गाडी २००२ सालची मारुती एस्टीम. १२९८ सीसीचं एमपीएफआय इंजिन, फोंड्याचं पासिंग, मालक दुसरा. रोजचा वापर फोंडा ते पणजी, बाणस्तारीमार्गे. महिन्यातून एखाद्या वेळी साखळी, केरी, चोर्ला घाट करत बेळगाव. चतुर्थीला पाच माणसं, डिकीत माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या छताचं) सामान आणि वर दोन पिशव्या नारळ. मालक माझा जुना मित्र, त्यामुळे हिशोब करायचं काम माझ्याकडे आलं आणि पाने फिरवायचं काम त्याच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे राहिलं.

तक्रारी तीन होत्या. ब्रेक दाबला की नाक खाली जायचं. चोर्ल्याच्या वळणांवर गाडी कलायची आणि वळण संपल्यावरही थोडा वेळ डुलत राहायची. मागे तिघं बसले की खड्ड्यात मागचा टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासायचा. त्यावर आधीच्या मालकाने आपल्याकडचा सर्वमान्य इलाज केलेला होताच : मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर ठोकलेले. या इलाजाने गाडी वर दिसते, पण बफरमध्ये अडकलेला वेढा काम करायचं थांबतो आणि त्याच्या शेजारच्या वेढ्यावर सगळा ताण येतो. एका बफरखाली तांबडी माती आणि ओल साचून तार इतकी खाल्ली होती की नखाने पापुद्रे निघत होते.

मित्राने कॉइलओव्हरचं ठरवूनच टाकलं होतं. शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले, स्प्रिंगची खालची थाळी त्या आट्यांवर फिरणारी, म्हणजे उंची पाना लावून कमीजास्त करता येते. सोबत शॉकअपचा कडकपणा बदलायची कळ. स्प्रिंगचा आकडाही त्याने कुठूनतरी आणलेला होता : पुढे ६, मागे ४. म्हणजे एक मिलिमीटर दाबायला पुढच्या स्प्रिंगला सहा किलो लागणार, मागच्या स्प्रिंगला चार. यालाच स्प्रिंगचा दर म्हणतात. "घाटाला सहा-चार बेस्ट, सगळे तेच घालतात," हे त्याचं म्हणणं. सगळे म्हणजे कोण आणि कुठल्या गाडीत, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

आधी जे स्वस्तात होतं ते केलं. लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटच्या (शॉकअपच्या उभ्या खांबाच्या) डोक्यावरचे रबरी माउंट बदलून घेतले. वीस वर्षांच्या गाडीत "सस्पेन्शन गेलं" म्हणतात त्यातलं निम्मं इथेच असतं. ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं ते थांबलं, खडखड गेली. कुणाची तक्रार एवढीच असेल तर त्याने इथे थांबावं, नवे साधे शॉकअप टाकावेत आणि वाचलेल्या पैशांत चांगले टायर घ्यावेत. मित्राच्या बाबतीत दोन अडचणी होत्या. शॉकअप चारही संपलेले, आणि कंपनीच्या मापाच्या म्हणून मागवलेल्या पुढच्या स्प्रिंगांची जोडी शेजारी उभी केली तर एक दुसरीपेक्षा उघडउघड बुटकी. मारुतीने एस्टीम २००७ मध्ये बंद केली. सुटे भाग अजून मिळतात, पण खोक्यातून काय निघेल ते नशिबावर असतं. तेव्हा स्प्रिंग निवडून घ्यायला खरंच कारण होतं.

काटा, जॅक आणि मोजपट्टी

गोव्यात एक सोय आहे. खाणींच्या धंद्यामुळे उसगाव, डिचोली पट्ट्यात ट्रक तोलायचे काटे आहेत. तिथे गाडी नेली, आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काटा दहा किलोच्या टप्प्याने दाखवतो, पण आपल्याला तेवढं पुरे. अर्धी टाकी पेट्रोल आणि चालक धरून पुढे ५६० किलो, मागे ३९०. म्हणजे पुढच्या एका चाकावर २८० आणि मागच्या एका चाकावर १९५. यातून चाक, हब, ब्रेक आणि आर्मचा अर्धा भाग वजा करायचा, कारण ते वजन स्प्रिंगच्या खाली असतं, स्प्रिंग ते पेलत नाही. पुढे तीस, मागे पंचवीस किलो अंदाजाने धरले. उरले पुढे २५० आणि मागे १७०.

आता एस्टीमची मेख. पुढे साधा मॅकफर्सन स्ट्रट आहे, स्प्रिंग शॉकअपभोवती. मागेही स्ट्रट आहे, पण स्प्रिंग त्याच्यावर नाही. ती वेगळी, जाडजूड, आतल्या बाजूला खालच्या आर्मवर बसते. चाक आर्मच्या टोकाला आणि स्प्रिंग आर्मच्या मध्यात कुठेतरी. म्हणजे चाक जेवढं वर जातं तेवढी मागची स्प्रिंग दबत नाही. किती दबते हे अंदाजाने सांगण्यात अर्थ नसतो, मोजावं लागतं. स्प्रिंग काढून टाकली, आर्म मोकळा केला, जॅकने चाक ६० मिलिमीटर वर उचललं आणि स्प्रिंगच्या दोन बैठकांमधलं अंतर आधी आणि नंतर मोजलं. ते ३८ मिलिमीटरने कमी झालं. पुढे हाच प्रयोग केला तर ६०ला ५७.

याला मोशन रेशो म्हणतात : पुढे ०.९५, मागे ०.६३. पण चाकापाशी स्प्रिंग किती कडक लागते हे काढायला हा आकडा दोनदा गुणावा लागतो, आणि इथेच बहुतेकांचा हिशोब फसतो. मागची स्प्रिंग ४ किलोची धरा. चाक १० मिलिमीटर वर गेलं तर स्प्रिंग ६.३ दबली, तिने सुमारे २५ किलोचा जोर लावला. पण तो जोर आर्मच्या मध्यात लागला. चाकापर्यंत पोचेपर्यंत तरफेच्या नियमाने तो पुन्हा ०.६३ पट झाला, म्हणजे १६ किलो. दहा मिलिमीटरला सोळा, म्हणजे चाकापाशी दर १.६ किलो. अंतर एकदा घटलं, जोर एकदा घटला. ०.६३चा वर्ग ०.४, पुढच्या ०.९५चा वर्ग ०.९. सारख्याच आकड्याची स्प्रिंग मागे टाकली तर ती पुढच्या निम्म्यानेसुद्धा काम करत नाही.

गाडीत मुळात काय होतं तेही काढलं. यासाठी स्प्रिंग टेस्टर लागत नाही, व्हर्नियर पुरतो. तारेच्या जाडीचा चौथा घात गुणिले ८०००, भागिले सरासरी व्यासाचा घन गुणिले काम करणारे वेढे गुणिले आठ. मापं मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलो प्रति मिलिमीटर येतं. पुढे ११ मिलिमीटर तार, १२० व्यास, साडेचार वेढे : १.९च्या आसपास. मागे १२ मिलिमीटर तार, १०० व्यास, पाच वेढे : ४ला थोडं वर. सूत्रातल्या त्या चौथ्या घाताकडे मात्र नीट पाहावं. समुद्राच्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने ११ची तार साडेदहावर आली, तर तेवढ्या भागात कडकपणा सतरा टक्के उतरतो. उलट स्प्रिंग नुसती बसली, म्हणजे उंची कमी झाली, तर तिचा दर तोच राहतो. "बसली म्हणून नरम झाली" हे गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं, आणि ते चूक आहे. नरम होते ती गंजाने.

मागचा हिशोब पडताळायला गॅरेजवाल्याने दोन सिमेंटची पोती डिकीत टाकली. शंभर किलो, पण डिकी मागच्या चाकांच्याही मागे असल्याने मागच्या चाकांवर १२०च्या आसपास पडतात, एका चाकावर साठ. गाडी दोन-चारदा दाबून सोडली आणि मडगार्डची कड ते हबचा मध्य असं अंतर मोजलं : ३६ मिलिमीटर खाली. साठ भागिले छत्तीस, १.६७. कागदावर ४.१ गुणिले ०.४, म्हणजे १.६४ आला होता. पोती आणि सूत्र एवढी जुळल्यावर गॅरेजवाला प्रथमच माझ्या वहीत डोकावला. "म्हणजे ह्यांनी मागे चारची घातली असती तर..." तो म्हणाला आणि हसायला लागला. पैसे मोजून मूळ गाडीचीच स्प्रिंग परत बसली असती.

सहा-चारने काय झालं असतं

कडकपणा तोलायला नुसता दर उपयोगाचा नाही, त्यावरचं वजनही पाहावं लागतं. दोन्ही मिळून गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहते तो आकडा निघतो. सोपी रीत : स्प्रिंगवर पेललेलं वजन भागिले चाकापाशी दर, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने किती मिलिमीटर बसली ते. त्याचं वर्गमूळ काढून १५.८ला त्याने भागायचं. उत्तर हर्ट्झमध्ये.

मूळची एस्टीम पुढे सुमारे १.३, मागे १.५५. आरामासाठी बनवलेल्या गाड्या साधारण १ ते दीडच्या पट्ट्यात असतात, म्हणजे सुझुकीने शहाणपणाने केलेलं काम. मागचा आकडा पुढच्यापेक्षा जरा मोठा असण्यालाही कारण आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू जरा झपाट्याने हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी मागेपुढे झुलण्याऐवजी सपाट वरखाली होते. मॉरिस ऑली यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये प्रयोग करून हे दाखवलं, आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आजही तिथूनच सुरुवात करतात.

आता ६ आणि ४. पुढे ६ गुणिले ०.९, म्हणजे चाकापाशी ५.४. २५० किलोला गाडी फक्त ४६ मिलिमीटर बसते, आकडा येतो २.३ हर्ट्झ. हा ट्रॅकवरच्या गाडीचा आकडा झाला. मागे मात्र १.५५चं १.५५. नाक दगड आणि शेपूट तशीच लुळी. वळणावर कलण्याचा बहुतेक भार पुढच्या चाकांनी घेतला असता, त्यातही बाहेरच्या एका चाकाने, आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चोर्ल्याच्या ओल्या वळणात स्टिअरिंग फिरवूनही सरळच जाऊ पाहिली असती. मागे माणसं बसल्यावरचं घासणं होतं तिथेच राहिलं असतं. तीन तक्रारींपैकी एक गेली असती आणि एक नवी आली असती.

दुसरा त्रास कमी ठाऊक असलेला. ४६ मिलिमीटर बसलेली स्प्रिंग चाक खड्ड्यात तेवढंच खाली गेलं की पूर्ण मोकळी होते. स्ट्रटला त्याहून जास्त खाली जायला जागा असेल तर स्प्रिंग थाळीवरून सुटते आणि परत बसताना ठण्ण वाजते. म्हणून कडक स्प्रिंगांसोबत वर एक चपटी मदतनीस स्प्रिंग देतात. आपल्या रस्त्यांवर चाकाला वर जायला लागते तेवढीच खाली जायलाही जागा लागते, खड्डा हा खालीच असतो.

निवड

मित्राला विचारलं, नेमकं काय हवं? रोज पणजी, घाटात भरवसा, चतुर्थीला ओझं. ट्रॅक वगैरे काही नाही. मग पुढे १.६ ते १.७ हर्ट्झ आणि मागे १.८ ते १.९ एवढं पुरे, असं मी ठरवलं. हा निवाडा आहे, सूत्र नाही. वेर्ण्याच्या गुळगुळीत हायवेवरच चालवणारा थोडं वर जाऊ शकतो.

उलटा हिशोब : पुढे ३ किलोची स्प्रिंग, चाकापाशी २.७, आकडा १.६४. मागे ६ किलोची, चाकापाशी २.४, आकडा १.८७. ऐकीव जोडीच्या जवळजवळ उलट. "मागे दुप्पट?" मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याला पोत्यांच्या गणिताचीच आठवण करून दिली. भरलेल्या गाडीत मागच्या चाकावर शंभर-सव्वाशे किलो वाढतात. शंभर धरले तरी मूळ स्प्रिंगवर मागची बाजू साठ मिलिमीटर खाली जाते, सहाच्या स्प्रिंगवर बेचाळीस. मडगार्ड आणि टायर यांच्यातला झगडा त्या अठरा मिलिमीटरचा होता.

लांबीचा मुद्दा इथे आला, आणि माझ्या मते दरापेक्षा जास्त लोक इथे फसतात. कॉइलओव्हरच्या अरुंद स्प्रिंगा साधारण ६२-६३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या, १८० किंवा २०० मिलिमीटर लांबीत सहज मिळतात. ३ किलोची स्प्रिंग आमच्या गाडीखाली उभ्या-उभ्याच ८८ मिलिमीटर दबते. वर खड्ड्यासाठी चाकाला ७० मिलिमीटर जागा ठेवायची तर स्प्रिंगवर आणखी ६६. एकूण १५४. दोनशे लांबीच्या नरम स्प्रिंगचे वेढे त्याआधीच एकमेकांना टेकतात. मग ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडी नळी होते, आणि धक्का थेट स्ट्रटच्या डोक्यावरच्या पत्र्याला बसतो. म्हणून २५० लांबी घेतली, आणि विकणाऱ्याकडून दर आणि लांबीबरोबर "जास्तीत जास्त किती दबेल" हा आकडा लिहून घेतला. तो देत नसेल त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नये. एवढी दबलेली नरम स्प्रिंग चाक ६० मिलिमीटर खाली गेलं तरी सुटत नाही, त्यामुळे मदतनीस स्प्रिंगची गरजच उरली नाही.

तयार परदेशी संचाऐवजी मूळचे स्ट्रट वापरले. राज्याबाहेरच्या एका कारागिराने पुढच्या स्ट्रटची जुनी थाळी कापून आट्यांची नळी वेल्ड केली आणि आत कळीचे नवे शॉकअप बसवले. वेल्डिंग आधी, शॉकअप नंतर. तेल भरलेल्या स्ट्रटवर वेल्डिंग करणाऱ्यापासून चार हात दूर राहावं. मागे स्प्रिंगखाली आट्यांची बैठक आणि स्ट्रट वेगळा, म्हणजे काटेकोर बोलायचं तर मागे कॉइलओव्हर नाहीच.

दर वाढला की शॉकअपही वाढवावा लागतो, पण तेवढ्याच पटीत नाही, वर्गमुळाच्या पटीत. पुढे दर १.६ पट झाला, तर रोध सव्वा पट. गॅरेजमध्ये सवय असते की कळ पूर्ण आवळायची आणि "आता बघ कशी चिकटते" म्हणायचं. जास्त आवळलेला शॉकअप खड्ड्यांच्या ओळीवर स्प्रिंगला परत उघडू देत नाही, आणि गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी खाली बसत जाते. आम्ही सर्वात ढिल्या टोकापासून सुरू केलं आणि डुलणं थांबेपर्यंतच वाढवलं.

पुढे वरचं माउंट लोखंडी गोळ्याचं न घेता रबरीच ठेवलं. गोळ्याचं माउंट नेमकं असतं खरं, पण पाऊस आणि तांबडी माती आत गेली की एका मोसमात खडखडायला लागतं. उंची पुढे मूळपेक्षा दहा मिलिमीटर खाली, मागे मूळ तेवढीच. मित्राला चाळीस हवी होती. त्याला गाडीखाली झोपवून दाखवलं : एवढी उतरवली तर खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतो, कलण्याचा केंद्रबिंदू, म्हणजे गाडी ज्याच्याभोवती कलते तो बिंदू, झपाट्याने खाली जातो, आणि स्प्रिंग कडक करून जे कमावलं ते तिथे गमावतो. शिवाय फोंड्यातले स्पीडब्रेकर काही कुणाच्या मापाने बांधलेले नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने आरसीतले तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळे होतील. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं आहे. स्प्रिंगचा दर आरसीत नसतो, तरी विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतली. अपघातानंतर हे सांगत बसण्यापेक्षा ते बरं.

बसवल्यानंतर

स्प्रिंगा बसून स्थिरावल्यावर व्हील अलाइनमेंट पुन्हा केलं, कारण उंची बदलली की टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप, बदलतोच. चोर्ल्यात फरक पहिल्याच उतारावर कळला. ब्रेकला नाक बसतं, पण थांबतं. वळण संपलं की गाडी एकदा सावरते आणि गप्प. एकटा माणूस असताना खडबडीत रस्त्यावर, वीस-तीसच्या वेगात, मागची बाजू मूळपेक्षा ठळकपणे कडक लागते. मित्राच्या आईने मागच्या सीटवरून तसं स्पष्ट सांगितलं. हे व्हायचंच होतं. ओझ्यासाठी निवडलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीत कडकच लागणार. साडेपाच किलोची घेतली असती तर आई खूश आणि चतुर्थीला पुन्हा काठावरचा मामला.

पावसाळ्यानंतर आट्यांची तपासणी केली. पुढच्या नळीवर बसवतानाच ग्रीस फासून वर कापडी कव्हर चढवलं होतं. हुक पाना लावला, रिंग फिरली. मागे बैठक ॲल्युमिनियमची आणि नळी लोखंडाची, चाकाने उडवलेलं पाणी थेट तिच्यावर. दोन वेगळे धातू आणि खारी ओल, पांढरी पूड धरून एक रिंग घट्ट अडकली होती. भेदक तेल, वाट पाहणं आणि पितळी ब्रश करत ती सुटली. आता मागेही कव्हर आहे, आणि पावसाच्या आधी व नंतर रिंग एक वेढा फिरवून परत जागेवर आणायची असं ठरलं आहे, उंची बदलायची नसली तरी.

एक गोष्ट राहिली आहे. भरलेल्या गाडीत मागचा शॉकअप अजून जरा कमी पडतो, मोठ्या उंचवट्यानंतर मागची बाजू एक झोका जास्त घेते. कळ आवळली की जातो, पण ती कळ डिकीच्या आवरणाआड आहे, आणि नारळ भरल्यावर तिथे हात पोचत नाही. मित्राने आवरणाला भोक पाडून घेतलं आहे.